उभा बोया

"केशरी बोया उभा दिसला तर चहा घेऊन ये. पिवळा दिसला तर चहा राहू दे, तशीच ये."

समुद्रात बुड्या मारणारा आणि खालून हवेचा बोया सोडून आपली जागा कळवणारा एरोनी निघताना दर वेळी बायकोला हे सांगे. वर हसून म्हणे, "बोया उभा आहे तोवर खाली मी दोर ताणून धरलाय. मी सोडला की तो दारुड्यासारखा आडवा!"

काल दुपारपासून एरोनीचा पत्ता नव्हता.

सालानिएता सकाळची प्रार्थना आटोपून उठली तेव्हा एरोनीची बायको वासिती दारात उभी होती. डोळे सुजलेले, हातात चहाचा थर्मास.

"आत्या, सगळ्या होड्या खाडीच्या मुखाशी शोधताहेत. त्याचा केशरी बोया तिथं सापडला म्हणे. पण मला बरं वाटत नाही. मी त्याला शब्द दिलाय, कुठूनही येईन म्हणून. पण जाऊ कुठं?"

सालानिएता राजधानीच्या, सुवाच्या पोलिसांतून बाहेर पडून गावी परतली होती. लोकांच्या हरवलेल्या गोष्टी ती शोधून देई. तिने शांतपणे विचारलं, "पिवळा बोया कुठं असतो?"

"खुंटीला. खुंटी रिकामी आहे."

"दिला असेल कोणाला उसना," मागून एतोनिया म्हणाला. हा सालानिएताचा मामेभाऊ. शरीराने जेवढा रुंद, डोक्याने तेवढाच निवांत.

"तुझं डोकं दिलंयस ना, तसा," ती म्हणाली. "चल." थर्मास घेऊन वासितीही मागोमाग निघाली.

धक्क्यावरच्या छपराखाली फिलिमोनी येरझाऱ्या घालत होता. बुड्या मारणाऱ्यांची होडी त्याच्या मालकीची.

"एरोनी मुखाशी नांगराची साखळी बघायला उतरला," तो घाईघाईने म्हणाला. "थोड्या वेळानं केशरी बोया वर आला. पुरुषभर उंच, ताठ उभा. आम्ही जवळ गेलो, तर खाली कोणी नाही. दोर नुसता लोंबत होता."

"हातात घेतलात तेव्हाही उभाच?" सालानिएताने विचारलं.

"ताठ! विचारा तांडेलाला."

तांडेल साइरुसी कोपऱ्यात पाठ करून बसला होता. त्यानेही तेच सांगितलं. अगदी तेच. "पुरुषभर उंच, ताठ उभा. दोर नुसता लोंबत होता."

"दोघांनी एकाच पुस्तकातून पाठ केलंय काय रे?" एतोनिया हसला. कोणी हसलं नाही. त्याने गडबडून यांगोनाच्या, मुळ्यांच्या त्या कडवट पेयाच्या, वाट्या भरल्या. रात्रभर शोधून माणसं थकली होती.

फिलिमोनीने रीतीप्रमाणे टाळी वाजवून वाटी घेतली. साइरुसीने मात्र कोटाच्या बाह्यांत लपवलेल्या हातांनीच वाटी ओढली.

"टाळी विसरलास, मेव्हण्या?" एतोनियाने टोमणा मारला. "आजोबा असते तर वाटी डोक्यावर ओतली असती!"

साइरुसीने यांगोना संपवली, पण टाळी नंतरही वाजवली नाही.

सालानिएताने खांबाला टांगलेला केशरी बोया उतरवला. लांब पिशवीसारखा, खालचं तोंड उघडं. तिने त्यात दोन बोटं घातली, मग समुद्राकडे पाहिलं. ओहोटीचं पाणी दिशा बदलू लागलं होतं.

"एतोनिया, पाण्यात उतर."

"मी? नाश्ता झालाय माझा!"

"म्हणूनच तरंगशील."

तो कुरकुरत उतरला. तिच्या सांगण्यावरून त्याने बोयात हवा भरली आणि दोर खाली ओढून धरला. बोया ताठ उभा राहिला.

"आता दोर सोड."

बोया डुलला, कलला, आडवा पडला. उघड्या तोंडातून हवा भसभस निघून गेली. पाण्यावर नुसती चिंधी उरली.



"एरोनी खाली नव्हता, दोर लोंबत होता, तरी बोया ताठ उभा होता," सालानिएता हळू आवाजात म्हणाली. "असा बोया देवानं अजून घडवलेला नाही. तुम्ही तो पाण्यात पाहिलाच नाहीत, फिलिमोनी. तो होडीतच होता."

"बोयाशिवाय कोणी बुडी मारतं का?" एतोनियाने पाण्यातूनच विचारलं.

"मारतं. बोया दिसू नये अशी जागा असेल तर. साइरुसी, हात दाखव."

तांडेलाने बाह्यांतून हात बाहेर काढले. तळव्यांवर जांभळट डाग होते.

"समुद्रकाकडीचा चीक, आठवडाभर जात नाही. टाळी वाजवली असती तर सगळ्यांना दिसला असता. बाहेरच्या खडकांवर हा सोन्याच्या भावानं विकला जाणारा जीव उरलाय कुठं? उरलाय तो फक्त बंदीच्या खडकावर. मोठे सरदार वारले, त्यांच्या दुखवट्याच्या शंभर रात्री संपेतो तिथं वल्हंसुद्धा बुडवायचं नाही. तो खडक देवळाच्या पायरीवरून दिसतो. तिथं केशरी बोया उभा राहिला असता तर सगळं गाव धावून आलं असतं. म्हणून तो एरोनीकडून काढून घेतलात. आणि बंदी मोडल्याचं लपवायला शोध मुखाशी लावलात."

"तो स्वखुशीनं आला!" फिलिमोनी ओरडला.

"नाही," साइरुसी म्हणाला. तो रडत होता. "उतरला नाहीस तर उद्यापासून येऊ नको, असं तुम्ही म्हणालात."

सालानिएता त्याच्यासमोर खाली बसली. "खुंटी रिकामी आहे, बाळा. एरोनीनं पिवळा घडी करून खिशात लपवून नेला होता. पिवळा पाहिलास ना?"

साइरुसीने कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

"पाहिला. लांब. ताठ उभा होता. तेवढ्यात गावाकडून होडी येताना दिसली आणि आम्ही... आम्ही इंजिन सुरू केलं."

"कुठल्या बाजूला?"

"दक्षिणेला. नुकुवाता बेटाकडे प्रवाह ओढत होता."

एतोनिया पाण्यातून धापा टाकत वर चढला. "म्हणजे रात्रभर सगळ्या होड्या उत्तरेला, मुखाशी...?"

"हो. आता तरी धाव. इंधन भर. साइरुसी, तू सुकाणूवर. ती दिशा तूच पाहिलीस."

फिलिमोनीकडे कोणी वळून पाहिलं नाही. माणसं पळू लागली, डबे आदळले, कोणी कोणाला शिव्या घातल्या. सालानिएताचे ओठ हलत होते.

या धांदलीत वासितीने थर्मास धक्क्याच्या दगडावर नीट उभा करून ठेवला. कमरेला गुंडाळलेली सुलू गुडघ्यापर्यंत खोचली. मग कोणाला काही न विचारता ती तशीच होडीत जाऊन पुढच्या टोकाशी बसली, दक्षिणेकडे तोंड करून.