बदामाची अठ्ठी

मेघाचा नेहमीचा जोडीदार आजारी पडला, म्हणून जळगावच्या ब्रिज क्लबात त्या रविवारी तिच्यासमोर एक अनोळखी माणूस आणून बसवला. पाचोऱ्याचा कुंदन. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा. बोटांना वॉर्निशचा वास.

"पहिलं पान कसं काढता?" मेघाने विचारलं. ब्रिजमध्ये जोडीदाराशी ओळख अशीच होते.

"ज्या रंगाची पानं जास्त, त्यातलं वरून चौथं. आणि तुम्ही?"

"मीही. पण डोकं वापरून."

"मग जमेल," तो म्हणाला. "एकाकडे असलं की पुरतं."

मेघाला हसू आवरेना. पण खेळ सुरू झाला आणि या माणसाने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. जोडी तीच राहिली; चार महिने, दर रविवारी हेच. चहाला उठलं की गप्पा, चेष्टा... टेबलावर बसलं की समोर जणू रिकामी खुर्ची. धुळ्याच्या शाळेत गणित शिकवणारी मेघा दोन तास एसटीत बसून यायची, नव्या ओढण्या घ्यायची. शेवटी तिने मनाशी ठरवलं — धुळ्याची स्पर्धा झाली की हा जोडीदार सोडायचा. दगडाला पाझर फुटत नाही.

धुळ्याचा शेवटचा डाव. विरुद्ध बाजूच्या प्रमिलाबाई एक नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकुमाचा डाव, बोलल्या; त्यांचे यजमान वनाभाऊ थेट तीन. पहिलं पान कुंदनचं. त्याने रिवाजाप्रमाणे ते पालथं ठेवलं.

"काही विचारायचंय?"

"नाही," मेघा म्हणाली.

त्याने पान उलटलं. बदामाची अठ्ठी.

मेघाच्या हातात बदामाचे पाच पत्ते होते. वर एक्का, राणी, गुलाम. बाहेर किलवरचा एक्का. याला कसं कळलं? पाहता पाहता प्रमिलाबाईंचा डाव बुडाला. मग कुंदनचे पत्ते उघडे झाले — चौकटची पाच पानं, आणि बदामाची दोनच.

प्रमिलाबाईंनी पत्ते खाली टाकले. "पाच पानं सोडून दोनातलं कोण काढतं? पोरीने खूण केली. सुपडूनाना, इकडे या."

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले. खूण केली असं ठरलं तर मेघा आणि कुंदन दोघांना कायमची बंदी. आणि शिरपूरपासून पाचोऱ्यापर्यंत बोभाटा व्हायचा — मास्तरीणबाई पत्त्यांत लबाडी करतात. त्याहून भयंकर म्हणजे तिला स्वतःचीच खात्री वाटेना. आपला श्वास अडकला होता का? हात थरथरला होता का?

पंच सुपडूनाना जवळ आले. "का रे भाऊ, हाई पान का बरं काढं?"

"चौकट लांब, पण वर मोठं पान नाही," कुंदन खाली बघूनच म्हणाला. "काढून करायचं काय? बोली लावताना त्यांनी बदाम-इस्पिक विचारलेच नाहीत, म्हणजे ते माझ्या जोडीदाराकडे. इस्पिक माझ्याकडे तीन, बदाम दोनच. म्हणून बदाम. दोनातलं मोठं."

"हिशोब बरोबर शे. पण बाई म्हणतात, तू तिचं तोंड पाहून पान काढलं."

"नाही पाहिलं, नाना."

"वर बघू नको. सांग, पोरनी ओढणी कोणत्या रंगाची शे?"

कुंदनने कपाळावरचा घाम पुसला.

"...पिवळी?"

ओढणी गर्द जांभळी होती. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"सकाळपासून समोर बसला ना रे? मोतीबिंदू शे का काय?"

"नाना..." तो टेबलाकडेच बघत म्हणाला. "टेबलावर मी त्यांच्याकडे बघतच नाही. बघितलं की हातातले पत्ते दिसत नाहीत. चार महिने झाले... फार अवघड जातं."

मेघाच्या हातातलं पेन गळून पडलं. प्रमिलाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. वनाभाऊ हळूच म्हणाले, "अवो, बठ्ठं समजनं ना आता, सगळंच?"

सुपडूनाना घसा खाकरून म्हणाले, "डाव कायम. निकाल लिहा."

कुंदन कुणाकडेही न बघता थेट बाहेर निघून गेला. मेघाने त्याला फाटकाशी गाठलं. तो मोटारसायकलला किल्ली लावत होता, ती लागत नव्हती.

"माफ करा," तो म्हणाला. "चारचौघांत... रविवारी तुम्ही दुसरा जोडीदार बघा."

"रविवारी मी खेळणारच नाही."

त्याची मान आणखी खाली गेली.

"पिंपळनेरला वडिलांकडे जाणार आहे," मेघा म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "दहाची एसटी. आबांना सांगते, पाहुणे येताहेत म्हणून. याल?"

किल्ली धुळीत पडली. ती उचलायचं भान कुंदनला राहिलं नाही. तो बघत होता — आधी ओढणीकडे, मग तिच्याकडे... आणि मेघा, जिने चार महिने याचीच वाट पाहिली होती, तिलाच आता मान वर करवेना.