लाल दिवा लागला नाही तर

मावशीला डबा द्यायचा आणि तिथूनच तलावावर पोहायला पळायचं, असा तिघांचा बेत होता. पण वाटभर मावशीची मुलगी ताई मुंगीला परीक्षेच्या सरावातला जर-तरचा धडा समजावत होती आणि मुंगीच्या डोक्यात तो काही केल्या शिरत नव्हता. सुट्टीत मावशीकडे आल्यापासून तिचं त्या धड्यातलं एकही उत्तर बरोबर आलं नव्हतं. ताईच्या धाकट्या भावाला, ढब्बूला, त्याची भारी गंमत वाटायची.

मावशी फळांच्या शीतगृहात पेट्या तपासायचं काम करायची. फाटकाशी तिची सायकल होती, खुंटीवर पर्स होती; मावशी मात्र कुठेच नव्हती. थंड खोलीत गेली असेल, असं ताई म्हणाली. पण त्या खोलीला तर भलंमोठं कुलूप होतं.

मुकादम जेवायला निघाले होते. आत कुणी नाही, असं सांगून त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं : लाल दिवा लागला, तर आत माणूस आहे.

"लागलाय का दिवा? नाही ना? मग झालं तर."

मुंगी पाटीकडे बघतच राहिली. हीच चूक ती रोज करत होती.

"पण काका, दिवा लागला तर माणूस आहे, एवढंच लिहिलंय," ती चाचरत म्हणाली. "दिवा नाही तर माणूस नाही, असं कुठे लिहिलंय? दिवाच बिघडला असेल तर?"

"परीक्षेत लिही हे," म्हणत मुकादमांनी किल्ली खिशात टाकली आणि ते स्कूटरवरून निघून गेले.

ढब्बूनं दारावर बुक्क्या मारल्या. दार वीतभर जाड. आवाज तिथल्या तिथे मुरला. ताईनं कचेरीत जाऊन विनवण्या केल्या. तिथल्या बाईंनी मुकादमांना फोन लावला, तर तो मुकादमांच्याच टेबलावर वाजला. साहेब बाहेर गेलेले. अर्धा तास असाच गेला. ढब्बू रडायला लागला. एरवी सगळ्याला उत्तर असलेली ताईसुद्धा डबा छातीशी धरून मटकन खाली बसली. बरोबर उत्तर सापडूनही कुणी ऐकत नाही, तेव्हा काय करायचं, हे मुंगीच्या कुठल्याच धड्यात नव्हतं.

फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकरीकाकांकडे दुसरी किल्ली होती. त्यांचाही जीव वरखाली होत होता, पण हात बांधलेले.

"धोक्याचा भोंगा वाजला तर आणि तरच कुलूप काढायचं, असा हुकूम आहे, बाळ. नाहीतर नोकरी जाईल माझी."

"तर आणि तरच?" मुंगीनं विचारलं. "म्हणजे भोंगा वाजला, की काढावंच लागेल?"

"लागेलच."

मुंगीनं ताईच्या हातातला डबा ओढून घेतला, त्यानं भिंतीवरच्या भोंग्याच्या लाल पेटीची काच फोडली आणि बटण दाबलं. भोंगा कोकलला. पहारेकऱ्यांनी तो संपायचीही वाट पाहिली नाही.

मावशी पेट्यांच्या आड रिकामी पोती लपेटून बसली होती. ओठ निळे पडले होते.

"किती वेळा दिव्याचं बटण दाबलं," ती पुटपुटली. "वाटलं, दिवा बघूनही कुणी येत नाहीये."

दिव्याची तार तुटलेली निघाली. मुकादम परतले तेव्हा, तोवर आलेल्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची खरडपट्टी काढली आणि मुंगीच्या पाठीवर थाप मारली. इतक्या मोठ्या माणसांत एकालाही हे सुचू नये, असं ते म्हणाले. मुकादम खाली मान घालून एवढंच बोलले, "चुकलो, पोरी."

मुंगीला त्यातलं धड काही ऐकू आलं नाही. डॉक्टर येईपर्यंत ती मावशीचा गार हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली होती. मावशीची करंगळी अजून वळत नव्हती. मग ती हळूच वळली आणि मुंगीच्या बोटाला घट्ट धरून राहिली.