गजावरची खूण

त्या दुपारी मी दुकानात जुन्या सुती चादरीच्या चिंध्या फाडत बसले होते. बंदुकीच्या नळीला चिंधी सुतीच लागते, गोल बिस्किटाएवढी. तेवढ्यात नेमबाजी क्लबचा शिपाई ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांब घेऊन आला.

"काकू, वार्षिक स्पर्धा आलीय. नळी आतून साफ करून तेल द्यायचंय. सेक्रेटरी साहेब चारला न्यायला येतील."

मी ब्लँकेट उलगडलं आणि माझा हात तसाच थांबला. तीच बंदूक. ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, मग मागच्या निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ बोंडावर, ठिणगीची टोपी बसवून घोडा पाडायचा. वर्षापूर्वी हिनेच माझ्या नवऱ्याचा जीव घेतला होता.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे, मीसुद्धा. एकतीस वर्षं ते बंदुका दुरुस्त करायचे आणि मी नळ्या धुवायचे. त्या दिवशी सेक्रेटरी स्वतःच ही घेऊन आला होता. मी आत पाणी तापवत होते. मिस्त्रींनी विचारलेलं मी या कानांनी ऐकलं, "रिकामी आहे ना?"

"अहो, रिकामीच. घोडा तेवढा अडकतोय, हे बघा..."

आणि बार उडाला.

चौकशीच्या कागदावर काय आलं माहीत आहे? 'नळी साफ करताना स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.' स्वतःच्या! मी धावत बाहेर आले तेव्हा सफाईचा गज भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता. मी चौकशीच्या अधिकाऱ्याला म्हटलं, "गज भिंतीवर होता. मग मिस्त्री नळी काय बोटाने साफ करत होते?" तर तो म्हणतो, "बाई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो." अरे, दुःख कुणाला सांगतोस? मी खरं काय ते सांगत होते! पण मेलेल्या माणसाला तोंड नसतं आणि सेक्रेटरीला दोन होती.

"नको असेल तर परत नेतो, काकू," शिपाई हळूच म्हणाला.

"ठेव," मी म्हटलं. मला त्या नळीत एकदा डोकावायचंच होतं.

शिपाई गेल्यावर मी दार लावून घेतलं. मिस्त्रींचा नियम होता, बंदूक कुणाचीही असो, आधी गज. गजावर त्यांनी कानशीने एक खूण कोरली होती. रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. आत बार असेल तर खूण वर राहायची. मी गज सोडला. टण्. खूण तोंडाशी. रिकामी.

मग मी निपल काढलं, मागचं टोक बादलीत बुडवलं आणि गरम पाणी ओतलं. गजाला चिंधी लावून वरखाली केलं. काळं पाणी निघालं, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. जळलेल्या दारूचा असाच वास असतो, त्यात काही विशेष नाही. पहिली चिंधी काळी आली, तिसरी राखाडी, सातवी पांढरीशुभ्र. नळी कोरडी केली, मेण आणि तेल एकत्र करून हलका हात फिरवला. निपल बसवलं. शेवटी सवयीने पुन्हा गज टाकला.

खूण चार बोटं वर होती.

मी बघतच राहिले. दार बंद. दुकानात मी एकटी. गज दाबून पाहिला. खाली काहीतरी मऊ पण घट्ट होतं, ठासलेल्या बारासारखं. मी गज बाहेर ओढला, टोकाला आकडा लावला आणि पुन्हा घातला... टण्. तळाला. आकड्याला काही लागलं नाही.

बाहेर रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं, आणि माझ्या मानेवर घाम गार पडत होता. "मिस्त्री?" मी हळूच हाक मारली.

चारला सेक्रेटरी आला, मागे शिपाई. इस्त्रीचा शर्ट, घड्याळाकडे डोळे. माझ्याकडे न बघता म्हणाला, "झाली ना? द्या."

मी गज पुढे केला. "आधी तपासून घ्या."

"कशाला? साफ तुम्हीच केलीत ना?"

"गेल्या वर्षी तुम्हीही म्हणाला होतात, रिकामीच आहे."

त्याचा चेहरा उतरला, पण शिपायासमोर नाही कसं म्हणणार? त्याने गज सोडला. आवाज आला नाही. खूण चार बोटं वर.

"बाई! तुम्ही यात बार भरून ठेवलाय?"

मी त्याच्या हातातून गज घेतला आणि सोडला. टण्. खूण तोंडाशी. शिपायाने वाकून पाहिलं.

"पुन्हा टाका," मी म्हटलं.

सेक्रेटरीने टाकला. आता खूण वीतभर वर होती. आणि मग तो गज... कुणी हात न लावता, आतून कुणी ढकलावा तसा, हळूहळू वर येऊ लागला. मी स्वतः धुतलेल्या त्या नळीतून ताज्या जळक्या दारूचा वास आला. सेक्रेटरी मागे सरकत भिंतीला टेकला.

"मी मुद्दाम नाही केलं हो... आधी क्लबवर बार उडाला नव्हता, तो आत राहिलाय हे विसरलो... मी नुसता चाप ओढून दाखवत होतो..."

"आणि कागदावर?"

"घाबरलो मी... माणूस गेलाच होता, म्हटलं आता..."

"आता त्याच्या माथी मारावं!" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. भीती कुठल्या कुठे पळाली होती. "लिहा. आत्ता, इथे बसून, याच्यासमोर लिहा. एकतीस वर्षांत ज्यांच्या हातून एक चाप चुकला नाही, त्यांना निष्काळजी म्हणता?"

त्याने लिहिलं. खाली स्पष्ट सही केली. शिपायाने साक्ष घातली. तो कागद घेऊन मी सात महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी त्यांनी ती ओळ खोडली आणि मिस्त्रींचा दोष नव्हता असं लिहून दिलं. माफी मात्र कुणी मागितली नाही. सेक्रेटरीने पद सोडलं आणि बंदूक क्लबच्या काचेच्या कपाटात कुलुपात गेली.

मला वाटलं, संपलं. गज वर ढकलणारे मिस्त्रीच होते, ते आता सुटले.

गेल्या आठवड्यात शिपाई बोलवायला आला. "काकू, एकदा येऊन बघा. मला एकट्याला तिथं थांबवत नाही."

कपाटात बारा बंदुका उभ्या होत्या. अकरांसमोरची काच लख्ख. हिच्या तोंडासमोर मात्र काचेवर आतून वाफेचा गोल धरला होता. मी बघत असताना तो मोठा झाला. विरला. पुन्हा मोठा झाला. मी काचेला कान लावला.

एकतीस वर्षं मी मिस्त्रींच्या शेजारी झोपले आहे. त्यांचा श्वास मी हजारांत ओळखेन.

तो श्वास त्यांचा नव्हता.