चांगुणेचा कापलेला शेवट

ज्याच्याशी भांडायला मी द्वारका चौकापर्यंत तणतणत आले, तो मला जिन्यातच भेटला आणि मी त्यालाच विचारलं, "दिवाळी अंकाचं ऑफिस हेच ना? स्वराज म्हणून कोणी बसतात?"

"बसतात. काय काम होतं?" हातात कागदांचा गठ्ठा, केसांत पावसाचे थेंब आणि डोळे... जाऊ दे डोळ्यांचं.

"भांडायचंय."

"मग वर या. जिन्यात नीट भांडता येत नाही."

वर जाऊन तो स्वतःच स्वराजच्या खुर्चीत बसला. माझं डोकं आणखी तापलं!

"मी रूपाली. माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेद कोणी कापला?"

"मी."

वर तोंड करून सांगतोय! पावसाळाभर जीव ओतून लिहिलेली कथा. देवळा गावात, कांदे साठवायच्या चाळीत राबणारी माझी चांगुणा, नवरा न सांगता निघून गेलेली. सकाळी मोबाइलवर प्रूफ आलं, तर शेवटच गायब! आणि संध्याकाळी अंक छापायला जाणार.

"का कापला?"

"तो तुमचा नव्हता."

"मी लिहिलाय! या हातांनी!"

"लिहिला असेल. पण..." तो जरा पुढे झुकला. "तुमच्या बायका दुखावल्या की हाताला काम शोधतात. चांगुणा नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाही, नुसते सडके कांदे वेगळे काढत बसते. आणि तीच बाई शेवटी एकदम चंद्राकडे बघून अश्रू ढाळते? हे तुमचं लिहिणं नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून घातलंय."

संपादक यादव सरांनीच सांगितलं होतं, वाचकांना हळवा शेवट लागतो म्हणून. तो चंद्र घालताना माझीच मला लाज वाटली होती. हे याला कसं कळलं? आणि कळलं याचाच जास्त राग आला.

"एवढी शैली कळते, तर एक फोन करायचं नाही कळलं?" माझा आवाज चढला. "चांगुणेचा नवरा न विचारता गेला, तुम्ही न विचारता कापलंत. फरक काय?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलंच. तुम्ही म्हणाल तर आत्ता परत घालतो."

खिडकीबाहेर रिक्षांचे हॉर्न किंचाळत होते. मी प्रूफ पुन्हा वाचलं. कांदे निवडणाऱ्या हातांवर कथा थांबत होती, आणि तिथेच ती थांबायला हवी होती.

"राहू दे. पण हे मी ठरवलंय, तुम्ही नाही!"

"कबूल."

"आणि चार कथा वाचून मी कळले, असं समजू नका."

"चार नाही, सगळ्या वाचल्यात. काही तर दोनदा..." त्याचे कान लाल झाले. "आणि तुम्ही कुठे कळलाय? कळावं असं फार वाटतं — म्हणजे... मला तुम्ही आवडता. घ्या, हेही न विचारताच बोललो."

काय हा माणूस! मला असा संताप आला, असा संताप आला, की समोरची खुर्ची ओढून मी बसलेच.

"चहा सांगा," मी म्हणाले. "मला अजून बरंच भांडायचंय."