नाल्यापलीकडची हाक

१९९२च्या जूनमध्ये मी डेन्मार्कला गेलो होतो. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी रसायनतज्ज्ञ होतो. परिषदेत निबंध वाचून झाला, एक दिवस मोकळा उरला, म्हणून प्रवाशांना खोली देणाऱ्या एका शेतावर मुक्कामाला गेलो. शेताचा मालक येन्स, त्याची बायको किर्स्टन आणि चाळीस गाई. त्यातली एक म्हातारी गाय गोठ्याच्या कोपऱ्यात पडून कण्हत होती.

जेवताना किर्स्टनने विचारलं, "तुमचे वडील काय करायचे?"

"शेती," मी म्हणालो. "गाई होत्या आमच्या."

खोटं. डॉक्टरेट मिळवलेला साठीचा माणूस मी. जिथे आमचं कुळ कुणाला ठाऊक नाही, तिथेही खोटं बोललो. त्या एका शब्दाचा संताप मला आजही येतो.

"बरं झालं," येन्स म्हणाला. "ती म्हातारी काही सकाळ बघत नाही. सहाला न्यायला गाडी येईल. फाटकापर्यंत ओढायला हात द्याल? एरवी मी एकटाच ओढतो, पण कंबर धरलीय."

"मला हृदयाचा त्रास आहे." हे दुसरं खोटं.

"असू द्या. गाय माझी, मीच बघतो," असं म्हणून त्याने माझ्यापुढे पाव सरकवला.

माझे वडील, सुदाम, कुळगावात दुसऱ्यांची मेलेली ढोरं ओढायचे. बोलवायला कुणी दारात येत नसे. नाल्यापलीकडे उभं राहून आधी खाकरायचं, मग तीन हाका. तिसऱ्या हाकेला बाबांनी निघायलाच हवं. एकदा मेलेला बैल घसरून पायावर आला आणि उजवा अंगठा अर्धा गेला. ढोराच्या मागच्या पायांना ते डाव्या हाताने दोन पिळांची गाठ मारत. मला ती त्यांनी कधी शिकवली नाही. छप्पन साली दीक्षा घेतली, त्या संध्याकाळी त्यांनी तो दोर चुलीत घातला आणि म्हणाले, "ह्या घरातला हात पुन्हा त्या दोराला लागायचा न्हाय." एकाहत्तर साली, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, ते गेले.

तिकडे जूनमध्ये रात्र नीट अंधारत नाही. पडद्याआडून राखाडी उजेड येत होता, आंबलेल्या चाऱ्याचा वास येत होता. तीनच्या सुमारास गाईचं कण्हणं थांबलं. सगळं निःशब्द झालं. मग दूर कुणीतरी खाकरलं.

"ए सुदाम्या... गाय पडलीय रं..."

मराठी. कुळगावची. मी आधी स्वतःवरच शंका घेतली. रक्तदाबाची गोळी, परक्या जागेची अपुरी झोप. मनाशी सगळी कारणं मांडून होत नाहीत तोवर दुसरी हाक आली.

"ए सुदाम्या... दोर घेऊन ये..."

तेव्हा भीती कुठल्या कुठे गेली. मी खिडकी उघडून ओरडलो, "सुदाम नाही इथे! मेले ते! ज्याची गाय त्याला ओढू दे!"

तिसरी हाक आली. आणि माझ्या खिडकीच्या अगदी खालून, थकलेला आवाज...

"आलो, मालक..."

तो बाबांचा आवाज होता. मग खडीवरून काहीतरी जड सरपटत गेलं, थांबत, पुन्हा सरपटत. मी खिडकीची चौकट धरून उभा राहिलो. खाली गेलो नाही. भीतीने की बाबांच्या शब्दामुळे, हे मला अजून ठरवता येत नाही.

सकाळी येन्स हसतच आला. "हृदयाचा त्रास, आणि एकट्याने सहाशे किलो ओढलंत?"

गाय फाटकाशी होती. मागच्या पायांना दोर, दोन पिळांची गाठ. "ही सुटतच नाही," म्हणत त्याने चाकू काढला. गोठ्याच्या फरशीवर चुन्याची भुकटी पसरलेली होती, तिच्यात अनवाणी पावलं उमटली होती. उजवा अंगठा अर्धा.

"मी काल खोटं बोललो," मी म्हणालो. "माझे वडील शेतकरी नव्हते. मेलेली ढोरं ओढायचे. दुसऱ्यांची."

"दुसऱ्यांची? मग त्या दुसऱ्यांना हात नव्हते?"

"होते," मी म्हणालो.

मी कुंपणापर्यंत गेलो. पलीकडे पाण्याचा एक चर होता, लहान मूल उडी मारून जाईल एवढा. त्याच्या पलीकडच्या चिखलात नाल ठोकलेल्या वहाणांचे दोन ठसे होते, घराकडे तोंड करून. बाबा मेल्यावरही हाक मारणारा इतक्या लांब आला होता, पण चर त्याने ओलांडला नव्हता. परत गेल्याचा ठसा मी पुष्कळ शोधला. सापडला नाही.

याला सहा वर्षं झाली. बेलवलीला आमच्या घरामागे नाला आहे. मी खिडकी उघडी ठेवूनच झोपतो. पुन्हा हाक आली तर बाबांच्या आधी मला खाली पोचायचं आहे. दोर धरायला नव्हे, त्यांच्या हातून काढून घ्यायला.

काल पहाटे माझी पत्नी द्रौपदी एकदम उठून बसली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "नाल्यापलीकडे उभं राहून मामंजींना कोण बोलावतंय?"

डेन्मार्कची ही हकीकत मी तिला कधीच सांगितलेली नाही. आणि मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.