पाचवी ओळ

रोस्विता केट्नरचा राग त्साइट्स गावात सगळ्यांना ठाऊक होता. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत ती सव्वीस वर्षं बसत होती आणि अर्जावर एका अक्षराची खाडाखोड दिसली तरी अर्ज परत करत होती. ‘खरं असेल तेच लिहा, नाहीतर लिहू नका,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक तिच्यामागे तिची नक्कल करत. तिला त्याचं काही नव्हतं.

१९९७ च्या ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी मात्र तिचा राग टेलिफोनवर निघाला, आणि तो धाकट्या भावावर. गेर्नोट लाइपझिगला असे. आईला वृद्धाश्रमात हलवल्यावर घर रिकामं करायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं आणि एका दुपारीत उरकूनही टाकलं होतं.

“बैठकीतलं कपाट गेलं?”

“गेलं, दीड महिना झाला. लुबिश येऊन सगळं एकदम घेऊन गेला. सुटलो की नाही?”

“आणि वरचा खण?”

“ताई, कपाट गेलं की खणही जातो.”

“मूर्खा, त्यात बाबांचं पुस्तक होतं!”

पलीकडे गेर्नोटने आठवून पाहिलं. मग म्हणाला, “ते जुनं? त्याचं आता कुणाला काय?” तिने फोन इतक्या जोरात आपटला की शेजारच्या टेबलावरच्या बाईने कॉफीचा कप बाजूला सरकवला.

ते पुस्तक म्हणजे शिपायाचं ओळखपुस्तक. युद्धात प्रत्येक जर्मन शिपायाच्या खिशात ते असायचं. आत त्याचा फोटो, रक्तगट, टोचलेल्या लशी, मिळालेल्या रजा, आणि चौथ्या पानावर तो कधी कुठल्या तुकडीत होता त्याची नोंद. बाबा, म्हणजे ओस्वाल्ड केट्नर, पेशाने बेकर, आणि लढाईतही बेकरच राहिले. फिरत्या भट्ट्यांच्या तुकडीबरोबर रशियात जाऊन त्यांनी पाव भाजले. चौथ्या पानावर त्यांच्या नावाने चार ओळी होत्या. जुनं वळणदार जर्मन अक्षर वाचायला रोस्विता त्या चार ओळींवरच शिकली होती, बाबांच्या मांडीवर बसून. बाबांनी कधी साळसूदपणाचा आव आणला नाही. “माझे हात स्वच्छ आहेत असं कुणाला सांगू नकोस,” ते म्हणायचे. “गावं जाळून जे परत यायचे त्यांना सकाळचा पाव मीच द्यायचो. पण मी स्वतः कुणाला मारलं नाही. तेवढं खरं.” एवढ्याशा खरेपणावर ती लहानाची मोठी झाली होती. त्याहून जास्त तिने कधी मागितलं नाही.

लुबिशचं दुकान नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. गल्लीत तपकिरी कोळशाच्या धुराचा वास कायमचा मुरलेला. एकहार्ट लुबिश तिच्याच वर्गातला. बाबागाड्यांच्या कारखान्यात तो गाड्यांवर हाताने रेघा मारायचा, आणि त्याची रेघ कधी हलत नसे. बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाल्या, कारखान्याला टाळं लागलं आणि अर्धं गाव घरी बसलं. लुबिशने मेलेल्यांच्या घरातलं सामान विकायला घेतलं. शिपायांच्या वस्तूंना पश्चिमेकडून हौशी गिऱ्हाइकं येत, बिल्ले, पट्टे, टोप्या आणि सगळ्यात जास्त ही पुस्तकं गोळा करणारी.

“अगं ये ये, सरकारी पाहुणी!” तो म्हणाला. “मी मेलोबिलो की काय, नोंद करायला आलीस?”

“बाबांचं पुस्तक दे.”

“ते विकलं गेलंय. म्युनिकचं गिऱ्हाईक शनिवारी न्यायला येणार. माझा शब्द गेलाय.”

“दाखव तरी.”

त्याने काचेच्या पेटीतून पुस्तक काढून तिच्यासमोर ठेवलं. घामाने काळवंडलेलं कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक, आत दोन खिळ्यांनी ठोकलेला बाबांचा तरुण फोटो. तिने चौथं पान उघडलं आणि सवयीने बोट खाली सरकवत नेलं. एक, दोन, तीन, चार.

आणि पाच.

पाचव्या ओळीत लिहिलं होतं की ऑगस्ट १९४३ पासून शिपाई केट्नर एका विशेष तुकडीत गेला. शेजारी शिक्का होता, खाली अधिकाऱ्याची सही. ती तुकडी कुठली हे जर्मनीत शाळा शिकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बेलारूसच्या जंगलपट्ट्यात त्या तुकडीने माणसांना कोठारात कोंडून गावंच्या गावं जाळली होती.

“ही ओळ कुठून आली?”

लुबिश हसला. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. “जमलीये ना? शाई मी घरी उकळली. शिक्क्याला दोन आठवडे लागले.”

“तू माझ्या बापाला खुनी केलंस?”

“आवाज खाली कर, रोस्विता. बेकरचं पुस्तक कोण घेणार गं? त्यांना घरी कपाटात ठेवायला सैतान हवा असतो. तुझा बाप आठ वर्षांपूर्वी गेला. आता काय तक्रार करायला येणार आहे?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पुस्तकावर झडप घातली, त्याने ते आधीच पेटीत सरकवून कुलूप लावलं होतं. “शुक्रवारपर्यंत ती ओळ गेली पाहिजे,” ती म्हणाली. “नाहीतर मी पोलीस घेऊन येते. तुझ्या सगळ्या पेट्या उघडायला लावते, समजलं?” लुबिशचं हसू थोडं ओसरलं. दाराची घंटा तिच्यामागे बराच वेळ वाजत राहिली.

बुधवारी ती आईकडे गेली. आई चौऱ्याऐंशीची. डोळे अधू झालेले, डोकं मात्र शाबूत. या भानगडीतलं आईला काही सांगायचं नाही असं रोस्विताने ठरवलं होतं. नेहमीप्रमाणे तिने राईचा काळा पाव नेला होता, पातळ कापून त्यावर प्लमचा मुरांबा लावून दिला.

आईने बशी मागे सारली.

“काय गं, भूक नाही?”

“पाव नको. त्याला त्याचा वास येतो.”

“कुणाचा?”

“तुझ्या बापाचा. रजेवर घरी यायचा तेव्हा कोटाला यायचा तसा. मी तो कोट तीनदा धुतला.”

“भट्टीचा धूर असेल, आई.”

आई तिच्याकडे बघत राहिली, अडाणी पोरीकडे बघावं तशी. “मी बेकरची बायको आहे,” ती म्हणाली. “भट्टीतल्या लाकडाचा वास वेगळा असतो. गवताच्या छपराचा वेगळा.”

पन्नास वर्षांत आईने कोटाचं कधी काढलं नव्हतं. तेवढ्यात जेवणाची ढकलगाडी आली, आई शेजारणीशी सूप खारट झाल्याचं बोलू लागली आणि रोस्विताने कोट चढवला. लुबिश येऊन काही बरळून गेला असणार, असं तिने स्वतःला समजावलं. खाली दरवानाकडे पाहुण्यांची वही होती. दोन महिन्यांत आईकडे तिच्याशिवाय कुणीही आलेलं नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती चौकातल्या बेकरीत गेली. बाबा तिथे एकतीस वर्षं राबले होते. आता बेकरी हिम्केबाईंची, पण जुन्या उस्तादाचा फोटो त्यांनी गल्ल्यामागे मानाने ठेवला होता. मागच्याच आठवड्यात रोस्विताने तो पाहिला होता. पिठाने पांढरे झालेले हात, मिश्किल डोळे.

गल्ल्यामागे नुसती भिंत होती.

“बाबांचा फोटो कुठे गेला?”

हिम्केबाईंनी पिशवीत पाव भरता भरता हात थांबवला. “केट्नरबाई, असं काय विचारता?”

“कुणी काढला?”

“तुम्हीच सांगितलंत ना काढायला. मी भिंतीला रंग दिला त्या वर्षी. सहा वर्षं झाली की.” आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि मला ते पटलंही होतं, हं. स्वतःच्या वडिलांबद्दल असं येऊन सांगायला छाती लागते.”

मागे रांगेत तीन माणसं उभी होती. तिघंही खाली बघत होती.  पाव तिथेच टाकून ती बाहेर आली. चौकाच्या मधोमध ती थांबली. अंगात राग मावत नव्हता, आणि तो राग नेमका कुणावर हे तिला पहिल्यांदाच सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अकराला लुबिशच्या दुकानाचा पडदा ओढलेला होता. तिने दारावर मुठी आपटल्या तेव्हा त्याने दार किलकिलं केलं. दाढी वाढलेली, अंगात त्या दिवशीचाच सदरा.

“गावभर काय सांगत सुटलायस तू? माझ्या आईला काय सांगितलंस? लाज नाही वाटत, मेलेल्या माणसाच्या...”

“मी कुणाशी बोललो नाही.”

“खोटारड्या!”

“ओरड. हवं तेवढं ओरड,” लुबिश म्हणाला. “आधी हे बघ.”

दिव्याखाली पुस्तक उघडं होतं. शेजारी दाढीचं पातं आणि भिंग. पाचव्या ओळीचा पहिला अर्धा भाग त्याने खरवडून काढला होता, शाईची काळी पूड पानाच्या घडीत साचली होती. खरवडलेल्या जागी कोरा कागद नव्हता. तिथे तेच शब्द होते. शाई तपकिरी, अक्षर दुसऱ्याच कुणाचं, डावीकडे झुकलेलं.

“उरलेलं काढ,” ती म्हणाली.

“नको, रोस्विता.”

“काढ म्हणते ना!”

त्याने पातं उचललं. न हलणारी रेघ मारणाऱ्या माणसाचा हात आता हलत होता. एकेक अक्षर पूड होऊन निघालं आणि प्रत्येक अक्षराखाली तेच अक्षर निघालं. तारीख निघाली, तीच. शिक्का निघाला. खालच्या शिक्क्याची एक कड झिजलेली होती.

“आधी इथे काहीतरी होतं. त्याच्यावरच तू लिहिलंस.”

“कोरं होतं. मी भिंगाने बघितलं होतं, नेहमी बघतो. माझी शाई महिन्याभराची. ही पन्नास वर्षांची आहे. कागदात आतवर उतरलीये. हे मला नाही जमत गं. कुणालाच नाही जमत.”

“म्हणजे बाबा खोटं बोलले?”

 पुस्तक मिटून लुबिशने ते तिच्या हातात कोंबलं. “म्युनिकवाल्याला मी नाही म्हणून कळवलंय. घेऊन जा. माझ्या घरात नको.”

चढ चढताना तिला बापाचा राग आला. असा राग आजवर कधी आला नव्हता. ‘मांडीवर घेऊन मला काय शिकवत होतात?’ ती मोठ्याने म्हणाली, आणि समोरून येणारी बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मग तिला त्या रागाची लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला. चार ओळी होत्या. तिने शंभर वेळा वाचल्या होत्या. आई म्हातारी आहे, हिम्केबाईंची काही गल्लत होत असेल, शाईतलं लुबिशला किती कळतं? तिला एकच कागद हवा होता, ज्याला लुबिशचा हात लागलेला नाही.

तसा कागद होता.

बाबा १९८९ च्या सप्टेंबरात गेले. नियमाप्रमाणे नोंदणी करणाऱ्याने आपल्या घरची नोंद स्वतः करायची नसते. पण त्या उन्हाळ्यात तिच्या दोघी सहकारिणी हंगेरीला सुट्टीवर म्हणून गेल्या आणि सरहद्द ओलांडून पश्चिमेकडे पळाल्या. कचेरीत ती एकटी उरली होती. बापाचा मृत्यू तिने स्वतःच्या हाताने नोंदवला होता. व्यवसायाच्या रकान्यात ‘बेकर’ लिहिताना तिचे डोळे भरून आले होते, म्हणून पेन बाजूला ठेवावं लागलं होतं. हे तिला लख्ख आठवत होतं. जगात एका तरी सरकारी कागदावर बाबा बेकर होते. तेवढं सापडलं तर ती साऱ्या गावाशी भांडायला तयार होती.

शुक्रवारी दुपारी कचेरी लोकांसाठी बंद असते. तिने तळघरातल्या कपाटाचं कुलूप काढलं, १९८९ चं जाड पुस्तक टेबलावर आणलं. उंच खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं.

केट्नर, ओस्वाल्ड.

व्यवसायाच्या रकान्यात ‘बेकर’ होतं.

त्या शब्दावर पट्टीने एक सरळ रेघ मारलेली होती.

समासात दुरुस्ती होती. अक्षर तिचं. शाई कचेरीची, तेव्हा पूर्व जर्मनीत मिळायची ती, जांभळट.

‘बेकर’ ही नोंद खोटी. ‘विशेष तुकडीतील शिपाई’ असे वाचावे. मृताच्या मुलीने समक्ष येऊन दिलेल्या निवेदनावरून दुरुस्त.

तारीख अंत्यविधीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची होती.

खाली दोन सह्या होत्या, एक लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याची आणि एक निवेदन देणाऱ्या मुलीची. दोन्ही ठिकाणी तिचंच नाव. अधिकाऱ्याची सही नीटनेटकी होती. मुलीने आपलं नाव इतकं दाबून लिहिलं होतं की शेवटच्या अक्षरापाशी कागद फाटला होता.

तो राग तिने ओळखला.

तिने पान उलटलं. फाटलेल्या जागी मागून कुणीतरी पारदर्शक पट्टी काळजीपूर्वक चिकटवली होती. पट्टी जुनी होऊन पिवळी पडली होती आणि तिच्याखाली एका बोटाचा ठसा अडकला होता. रोस्विताने आपल्या उजव्या हाताचा अंगठा त्यावर ठेवला. तो बरोबर बसला.