कोपऱ्यातली गाय

भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते. हे भर दुपारी घडलं. मी स्वतः तिथे होते, आणि यातला एकही शब्द पदरचा घातलेला नाही.

माझे बाबा सरकारी जनावरांचे डॉक्टर. त्या वर्षी गुरांमध्ये साथ आली. आजार पसरू नये म्हणून जनावरं मारून गोठेच्या गोठे रिकामे करावे लागले. सुई बाबांच्याच हातात असायची. घरी आले की बूटही न काढता खुर्चीत बसायचे. आई म्हणायची, "अहो, दोन घास तरी खा." ते ताट बाजूला सारायचे.

साथ ओसरली. निवृत्ती तोंडावर आली होती. शेवटचं काम उरलं होतं ते धुऊन बंद केलेले गोठे तपासायचं. गोठा साफ असला की मालकाला योजनेतून नवी जनावरं मिळणार होती. बाबांच्या अंगात गाडी चालवण्याचंही त्राण नव्हतं, म्हणून मी सोबत गेले.

शेवटचा गोठा वस्तीबाहेर एकट्या राहणाऱ्या मावशींचा. दाराला कुलूप. मावशी किल्ली देईनात.

"आत्ताच बसल्यात हो," त्या हळूच म्हणाल्या. "उठवू नका."

दुःखानं बाई भ्रमली असेल, असं मला वाटलं. बाबांनी समजूत घातली, तेव्हा कुठे कुलूप उघडलं.

आत काही नव्हतं.

चुना मारलेल्या भिंती. कोरड्या गव्हाणी. माशीसुद्धा नाही.

आणि तरीही...

रवंथाचा आवाज येत होता.

सावकाश. एकीचा नाही... ओळीनं सगळ्यांचा.

बाबा खाली बसले. जमिनीला हात लावला.

"गरम आहे," ते म्हणाले.

मी दाराबाहेरूनच हाक मारली. "बाबा, चला ना!"

त्यांनी ऐकलं नाही. स्टेथोस्कोप कानाला लावला आणि दुसरं टोक हवेत धरलं... बसलेल्या गाईची कूस असते, तेवढ्याच उंचीवर. एक जागा झाली की पुढची.

कोपऱ्यात मात्र बराच वेळ थांबले.

बाहेर येऊन म्हणाले, "मावशी, इथे नवी जनावरं नकोत. दुसरीकडे शेड बांधून घ्या. मी वरच्यांशी बोलतो."

"आणि ह्या?"

"राहू द्या. कोपऱ्यातली गाभण आहे."

मावशींनी मान डोलावली. "तेव्हाही होती."

गाडीत मी खूप विचारलं. बाबांनी खिडकीला डोकं टेकलं. "दमलोय गं," एवढंच.

बाबा निवृत्त झाले. तो विषय कुणी काढला नाही. मग एका सकाळी फोन वाजला. मीच उचलला. मावशी होत्या.

"डॉक्टरांना पाठव गं. अडलीये."

बाबांनी चहा अर्धा टाकला आणि बॅग उचलली.

"अहो, आता कसली ड्युटी?" आई म्हणेपर्यंत ते निघालेसुद्धा.

संध्याकाळी परतले. उजवी बाही खांद्यापर्यंत ओली... अंघोळ केली, आणि कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

"काय झालं?" मी विचारलं.

"कालवड."

मला राहवेना. मावशींना फोन लावला.

"हळू बोल," पलीकडून कुजबुज आली. "आत्ताच झोपलीये."

त्यांच्या मागे काहीतरी बारीक आवाजात हंबरलं...

मी फोन ठेवला. परत तिकडे गेले नाही.

काल बाबा कपाटात बर्फाचा डबा शोधत होते.

"वासराला लस द्यायची वेळ झाली," म्हणाले.

"कुणाच्या?" आईनं विचारलं.

मी टीव्हीचा आवाज वाढवला.